जुना सोफा विकला, पेपॅलवर पैसे आले. अमेरिकेत कर भरावा लागेल का?
तोट्यात विकला असेल तर नाही. ९०० डॉलरला घेतलेला सोफा ३०० ला गेला, यात उत्पन्न कसलं? (हा तोटा दुसऱ्या नफ्यातून वजाही करता येत नाही, हे जरा अन्यायाचंच.) खरेदीपेक्षा जास्त किंमत मिळाली, तर वरच्या रकमेवर कर लागतो, मग १०९९-के फॉर्म (पेपॅलसारख्या कंपन्या तुम्हाला मिळालेल्या पैशांची नोंद ज्यावर पाठवतात तो) येवो न येवो. हा फॉर्म येण्यासाठी ६०० डॉलरची जी मर्यादा ऐकली असेल ती २०२१ च्या कायद्यातली. २०२५ मध्ये पुन्हा जुनीच आली: २०,००० डॉलरच्या वर आणि २०० पेक्षा जास्त व्यवहार. काही राज्यांत मर्यादा कमी आहे. फॉर्म आलाच तर बाजूला टाकू नका, त्याची प्रत आयआरएसकडेही (अमेरिकेच्या कर खात्याकडे) जाते. तोट्यातल्या विक्रीची रक्कम दाखवायला शेड्यूल १ वर (कर विवरणपत्राला जोडायच्या फॉर्मवर) अगदी वरतीच जागा दिली आहे. सोफ्याचं बिल मात्र शोधून ठेवा.