पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला असेल तर आधी केबल तपासा

‘मे महिन्यात एसडब्ल्यूआर १.४ होता, आता १.१ आहे, तरी रिपीटर उघडत नाही, रेडिओ दुरुस्तीला टाकू का?’ हा तुमचा हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी) प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. नका टाकू. (एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली पॉवर किती परत येते ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला. रिपीटर म्हणजे आपला सिग्नल पकडून पुढं लांबवर पाठवणारं केंद्र.) कोल्हापुरात माझंही अगदी हेच झालं होतं. दोन मीटर बँड (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास), गच्चीवर अँटेना, खाली शॅकपर्यंत (रेडिओची खोली) ३० मीटर आरजी-५८, म्हणजे बारीक कोअॅक्सियल केबल.

एसडब्ल्यूआर मोजणारं यंत्र खाली रेडिओजवळ असतं. केबल वर जाणारी पॉवर खाते, तशी परत येणारीही खाते. त्यामुळे केबल जितकी वाईट, तितका खालचा आकडा गोड. १४५ मेगाहर्ट्झला धडधाकट आरजी-५८सुद्धा ३० मीटरमध्ये साधारण ६ डेसिबल घालवते. ५० वॅटमधले वर जेमतेम १२-१३ पोचतात. अशा केबलचं वरचं टोक मोकळं सोडलं तरी खाली १.७ च्या आसपासच दिसतं! आत पाणी गेलं की त्याहून कमी.

मी ज्यांच्याकडे रेडिओ नेला (नाव घेत नाही) त्यांनी हा सुंदर एसडब्ल्यूआर ऐकूनच ‘अँटेना उत्तम, फायनल गेलंय’ (फायनल म्हणजे रेडिओतला शेवटची पॉवर देणारा ट्रान्झिस्टर) असं ठरवलं. केबल किती जुनी, वर सांधा कसा बांधलाय, एका शब्दानं विचारलं नाही. फायनल बदललं, पैसे घेतले, अडचण तिथंच. त्यांच्याच बाकावर डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर जिरवणारा रोधक) आणि वॅटमीटर होता, दोन मिनिटांत कळलं असतं की रेडिओ पूर्ण पॉवर देतोय. याचा राग अजून जात नाही.

तुम्ही असं करा: केबलच्या वरच्या टोकाला डमी लोड लावा आणि पॉवर एकदा खाली, एकदा वर मोजा; फरक तो केबलचा तोटा. नॅनोव्हीएनए (केबल-अँटेना तपासायचं छोटं यंत्र) मिळाला तर वरचं टोक मोकळं ठेवून एसडब्ल्यूआर पाहा. टोक मोकळं असताना रेडिओचं बोलायचं बटण दाबू नका. वरचा पीएल-२५९ (केबलच्या टोकाचा प्लग) कापल्यावर केबलमधली तांब्याची जाळी काळी दिसली तर अख्खी केबल टाका. पाणी जाळीतून खूप लांब उतरतं, फूटभर कापून भागत नाही.

नवी घेताना आरजी-२१३ (जाड केबल) घ्या, तेवढ्याच लांबीत निम्म्याहून जास्त पॉवर वर जाते. ट्यूनरवर (रेडिओला दिसणारा एसडब्ल्यूआर जुळवणारा डबा) खर्च नको, तो केबलमधला तोटा भरून देत नाही. पीएल-२५९ मुळात पाणी अडवत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या पावसात त्यावर स्वतःत मिसळणारी रबरी टेप खालून वर गुंडाळा आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या.

मी इंजिनिअर नाही, तुमचा सेटअपही पाहिलेला नाही. केबलची लांबी आणि वय कळवा, मग पुढचं बोलू.