कोकणातल्या क्राइम फिल्मची सुरुवात: नॉयरचे संकेत ठेवावेत की टाकावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीच्या किनाऱ्यावर घडणाऱ्या क्राइम फिल्मची पहिली पाच मिनिटं तुम्ही लिहिली आहेत. जुलैतली रात्र, धो धो पाऊस, ट्रॉलरच्या जाळ्यात प्रेत आणि वरून नायकाचा आवाज, "त्या रात्री सगळं संपलं." वाचणाऱ्या मित्रांनी सांगितलं, हे शंभरदा पाहिलंय. मग नॉयरचे, म्हणजे जुन्या अमेरिकन काळोख्या गुन्हेपटांचे, हे ठरीव संकेत टाकून द्यावेत का?

टाकू नका. एकेक संकेत मूळ चित्रपटांत कोणतं काम करत होता ते बघा आणि तेच काम तुमच्या किनाऱ्यावर कोण करेल ते शोधा. मी दाभोळच्या खाडीकाठी वाढलोय आणि हे जुने चित्रपट थांबवून थांबवून पाहायची मला आवड आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी निवेदन. बिली वाइल्डरचा 'डबल इंडेम्निटी' (१९४४) बघा. श्रेयनामावलीच्या मागे कुबड्या घेतलेल्या माणसाची काळी आकृती आपल्या दिशेने चालत येते. मग रात्रीच्या लॉस एंजेलिसमध्ये सुसाट गाडी, आणि एक जखमी विमा एजंट आपल्याच ऑफिसात शिरून डिक्टाफोनसमोर, म्हणजे बोलणं टिपून ठेवणाऱ्या यंत्रासमोर, बसतो. वरिष्ठ सहकाऱ्याला उद्देशून तो सांगतो, की खून मीच केला, पैशासाठी आणि एका बाईसाठी. पैसाही मिळाला नाही, बाईही नाही. सिनेमा जेमतेम सुरू झालाय आणि खुनी कोण, का आणि शेवटी काय झालं, सगळं सांगून टाकलंय. 'पुढे काय होणार' हा प्रश्नच उरत नाही. यानंतर तो माणूस हसून एखादं दार उघडतो तेव्हा आपल्याला धडकी भरते, कारण त्या दारामागे काय आहे ते आपण जाणतो. कुबड्यांचा अर्थ तर कितीतरी वेळाने लागतो. त्या काळी हॉलिवूडमध्ये निर्मितीसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवावं याची नियमावली, लागू होती, १९३४ पासून कडक. गुन्हेगाराला शिक्षा होताना दाखवावीच लागे. मला वाटतं, या लोकांनी त्या सक्तीचंच सोनं केलं. शिक्षा अटळ आहे ना, मग ती आधीच सांगून टाकू.

'डी.ओ.ए.' (१९५०) मध्ये एक माणूस पोलीस ठाण्यात येऊन स्वतःच्याच खुनाची तक्रार देतो. तिथेही तेच: दैव आधीच ठरलेलं.

थ्रिलरचं काम वेगळं. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल' (१९५८) च्या पहिल्याच चौकटीत दोन हात टाइमबॉम्बचं घड्याळ लावतात. बॉम्ब एका मोटारीच्या डिकीत जातो, आणि कॅमेरा न तोडता तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ त्या मोटारीबरोबर सीमेवरच्या गावातून फिरत राहतो. एक नवपरिणीत जोडपं कधी मोटारीच्या पुढे, कधी बाजूला. मोटारीतली बाई नाक्यावर म्हणते, डोक्यात सारखी टिकटिक होतेय. कोणी लक्ष देत नाही. इथे पुढे काय होणार हे ठरलेलं नाही, फक्त वेळ ठरलेली आहे.

तुमच्या सुरुवातीत मला वाटतं हीच अडचण आहे. आवाज सांगतो, सगळं संपलंय. आणि चित्र धावतंय, जणू अजून काहीतरी वाचवता येईल. दोन्ही एकमेकांचा जोर खातात. यातलं एक निवडा.

आता जाळ्यातल्या प्रेताकडे येतो, कारण तुमच्या हातात खरा ऐवज तिथे आहे आणि तुमचं लक्ष पावसाकडे आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. जुलैत ट्रॉलर जाळं टाकत असेल, तर तांडेलापासून (नौकेच्या प्रमुखापासून) खलाशापर्यंत सगळे कायदा मोडताहेत. किनाऱ्यावरच्या प्रेक्षकाला हे पहिल्या सेकंदाला खटकेल. पण चूक म्हणून दुरुस्त करू नका, तिलाच धरून चाला. प्रेत सापडलंय आणि सापडलं असं सांगायची सोय नाही. सांगितलं तर नौका जाणार, दंड होणार. कोणीतरी म्हणतो, सोडून दे पाण्यात. कोणीतरी म्हणतो, तो माझ्या ओळखीचा आहे. नॉयरचा गाभा हाच: साधी माणसं, एक छोटा गुन्हा आधीच गळ्यात, आणि त्यातून मोठ्या गुन्ह्याकडे ढकललं जाणं. या प्रसंगात टोपी घातलेला गुप्तहेर नको, सिगारेटचा धूर नको.

पावसाबद्दल. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत पाऊस आहे म्हणून तिथे कोणाच्या मनात पाल चुकचुकत नाही. शिवाय पावसाळी दिवसाचा उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या पडतच नाहीत. रात्रीचा पाऊस कॅमेऱ्यात दिसायला मागून दिवा लागतो, म्हणजे जेट्टीवरचा दिवा नाहीतर नौकेवरचा. तोच एक उजेड ठेवा, बाकी काळोख.

आणि काळोखासाठी रात्रच लागते असं कुठे आहे? जुन्या कौलारू घरातलं माजघर भर दुपारी अंधारं असतं. छपरात एखादंच काचेचं कौल बसवलेलं असतं, त्यातून उन्हाचा एक पट्टा खाली शेणाच्या जमिनीवर पडतो आणि दिवसभर सरकत राहतो. चुलीचा धूर त्या पट्ट्यात दिसतो. अमेरिकन चित्रपटांत खिडकीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यातून जो उजेड माणसाच्या तोंडावर पडतो, तो आपल्याकडे वरून येतो. त्या पट्ट्यात एक हात नोटा मोजतोय, तोंड अंधारात, बाहेर पडवीत म्हातारी कोणाशी तरी मोठ्याने बोलतेय. हे मी कुठल्या क्राइम फिल्ममध्ये पाहिलेलं नाही, आणि फार पाहायचंय.

थ्रिलरचा रस्ता घेतलात तर घड्याळही इथलंच घ्या. एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे रोजची वेळ जवळपास ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी, म्हणजे कमी चढणारी भरती. खाडीकाठच्या माणसाला तिथी विचारा, तो पाणी कधी चढेल ते सांगेल. समजा ओहोटीला खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीत, तिवरांच्या मुळांमध्ये काहीतरी लपवलंय. लपवणारा पाण्याच्या कडेला चिखलात एक काठी रोवतो आणि निघून जातो. पुढचा सगळा वेळ गावात नेहमीसारखं चाललंय: बाजार, मुलांची शाळा, एसटीची वाट बघणारी माणसं. मधूनमधून फक्त ती काठी दाखवा, पाणी किती चढलं ते. वेल्सने बॉम्बला जे काम दिलं, ते इथे चंद्र करतो. एक मात्र सांभाळा: अमावास्येचं उधाण म्हणून सांगितलंत तर आकाशात चंद्र दिसता कामा नये.

निवेदन सोडवत नसेल, तर ते कोणाला उद्देशून आहे हे आधी ठरवा. 'डबल इंडेम्निटी'तला माणूस हवेत बोलत नाही. त्याच्यासमोर यंत्र आहे आणि ऐकणारा ठरलेला आहे. आपल्याकडे त्याला तोडीस तोड जागा म्हणजे पोलीस ठाण्यातला जबाब. "समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मी वरील ठिकाणी कुटुंबासह राहण्यास असून मासेमारीचा धंदा करतो..." बोलणारा मालवणीत किंवा संगमेश्वरीत अडखळत बोलतोय, हवालदार त्याचं सरकारी मराठी करून लिहितोय, आणि निवेदन म्हणून आपल्याला ऐकू येतंय ते कागदावरचं. कागद म्हणतो, "पाऊस असल्याने इसमाचा चेहरा दिसून आला नाही." पडद्यावर नौकेच्या दिव्यात तो चेहरा स्वच्छ दिसतोय आणि पाहणारा त्याला नावाने हाक मारतोय. तुमचं "त्या रात्री सगळं संपलं" काढून टाका आणि हे एक पान लिहून बघा. जबाबाची भाषा बारकाईने हवी, त्यासाठी फौजदारी खटले चालवणाऱ्या तालुक्याच्या एखाद्या वकिलांकडे दुपारभर बसा. नावगाव झाकलेले जुने जबाब ते वाचून दाखवू शकतील.