अ‍ॅनिमेशनपटांतील नायिका खरोखरच स्वतंत्र झाल्या आहेत का?

स्त्रीवादी दृष्टीने पाहिल्यास नायिका निश्चितच बदलली आहे, परंतु तिच्याभोवतीचे जग त्या मानाने फारच कमी बदलले आहे. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये आणि १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’मध्ये निद्रिस्त राजकन्येला राजपुत्राचे चुंबन जागे करते, तर २०१३ च्या ‘फ्रोझन’मध्ये बहिणीने बहिणीसाठी केलेला त्याग हेच खरे प्रेम ठरते. हा बदल मला मनापासून मोलाचा वाटतो.

मात्र केवळ नायिकेच्या धाडसावरून निष्कर्ष काढू नये. कारमेन फॉट आणि कॅरेन आयझेनहाउअर या भाषाअभ्यासकांनी डिस्नेच्या राजकन्यापटांतील संवाद मोजले, तेव्हा ‘स्लीपिंग ब्यूटी’मधील सुमारे ७१ टक्के संवाद स्त्रीपात्रांचे असल्याचे आढळले, याउलट नायिका स्वतः तलवार उचलते त्या १९९८ च्या ‘मुलान’मध्ये सुमारे ७७ टक्के संवाद पुरुषपात्रांच्या वाट्याला गेले होते. याचे एक कारण असे की सैनिक, सल्लागार, दुकानदार, इतकेच नव्हे तर विनोदी प्राणीसोबतीसुद्धा सवयीने पुरुषच कल्पिले जातात आणि शूर मुलगी ही त्या गर्दीतली एकमेव मुलगी उरते. (१९८९ च्या ‘द लिटल मरमेड’मधील नायिका तर पायांच्या मोबदल्यात आपला आवाजच देऊन टाकते.) नायिकेचे रेखाटन हाही गंभीर मुद्दा आहे, कारण स्वभावाने बंडखोर असलेल्या नायिकेलाही बहुधा तीच बारीक कंबर आणि तेच अवाढव्य डोळे दिले जातात. म्हणून चित्रपट पाहताना नायिकेला मैत्रिणी आहेत का, आणि त्या एकमेकींशी कशाविषयी बोलतात, हे मी आधी पाहते.