वाचक विचारतात: दारातल्या दिव्यात पाणी

प्रश्न : गाडीचं दार उघडताच जमिनीवर बोधचिन्ह पाडणारा छोटा एलईडी दिवा बनवतोय. सगळीकडून सिलिकॉन भरलं, तरी गाडी धुतली की भिंगावर आतून वाफ धरते. पाणी येतं कुठून?

उत्तर : बहुधा वायरमधून. आतली हवा ६० अंशांना तापलेली असताना गार पाणी पडून ती २५ अंशांवर आली, तर बंद डबीतला दाब साधारण १० टक्क्यांनी उतरतो. ही ओढ जवळपास एक मीटर पाण्याच्या दाबाएवढी! वायरच्या बारीक तारांमधल्या फटी मग नळीसारखं पाणी ओढतात. डबीत शिरते तिथे वायर ५ मिमी सोला, तारांत कथील पूर्ण मुरवा आणि तो भाग इपॉक्सीत बुडवा. शिवाय तळाला २ मिमी भोक पाडून त्यावर पीटीएफईची (टेफ्लॉनची) हवा सोडणारी, पाणी अडवणारी चकती चिकटवा. सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येत असेल तर ते काढाच, तांबं खातं. न्यूट्रल क्युअर, म्हणजे सुकताना आम्ल न सोडणारं सिलिकॉन वापरा.

प्रश्न : चिन्ह केवढं पडेल?

उत्तर : भिंगाचं नाभीय अंतर १० मिमी आणि जमीन भिंगापासून ३०० मिमी असेल, तर २९ पट. म्हणजे ८ मिमीच्या स्लाइडचं (दिव्यातल्या पारदर्शक चित्राचं) चिन्ह जमिनीवर सुमारे २३ सेंमी.