नाव आखूड, पत्ता लांब

प्रश्न : जुन्या कॉम्प्युटरवरचं सगळं मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर 'जुन्या कॉम्प्युटरवरून उतरवलेले सर्व काही' या फोल्डरमध्ये कॉपी करत होतो. विंडोज मध्येच 'नाव फार लांब आहे' म्हणून अडून बसतं. अडलेली एक फाइल तर नुसती 'पावती' आहे! हे लांब कसं?

उत्तर : 'पावती' निर्दोष आहे. विंडोज मोजतं ते पूर्ण पत्ता : ड्राइव्हचं अक्षर, वाटेतले सगळे फोल्डर, मधल्या तिरक्या रेघा आणि शेवटी फाइलचं नाव. जुन्या पद्धतीत त्याला 260 चिन्हांची मर्यादा आहे. एक चिन्ह शेवट दाखवायला जातं, उरतात 259. जुन्या जागी पत्ता कसाबसा मावत होता, तुम्ही त्याच्या डोक्यावर आणखी एक फोल्डर ठेवलात.

त्या फोल्डरचं नाव मी मोजलं. 40 भरलं. देवनागरीत काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं धरतात. 'क्षत्रिय' डोळ्यांना तीन अक्षरं, कॉम्प्युटरला आठ चिन्हं. लिनक्स या विंडोजला पर्यायी प्रणालीवर तर एका नावाला साधारण 255 बाइट (साठवणुकीचं छोटं माप) मिळतात आणि आपलं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे फार तर 85 चिन्हं.

तेव्हा फोल्डरला 'जुना' म्हणा, 36 चिन्हं सुटली, आणि राहिलेल्या फायली पुन्हा कॉपी करा. विंडोज 10 मध्ये 2016 पासून ही मर्यादा उठवायची सोय आहे, पण ती प्रत्येक प्रोग्रॅमलाही मान्य असावी लागते. त्या भानगडीपेक्षा नाव छाटणं सोपं.

प्रश्न : नावात तारीख कशी घालावी?

उत्तर : आधी वर्ष, मग महिना, मग दिवस : 2024-03-05. मी कित्येक वर्षं दिवस आधी लिहायचो. एकदा मार्चची बिलं शोधायला बसलो, तर बाराही महिन्यांच्या एक तारखा रांगेत पुढे आणि मार्च यादीभर विखुरलेला. महिन्याआधीचं शून्यही गाळू नका, नाहीतर 10 हा 2 च्या आधी येऊन बसायची शक्यता. आणि 'अंतिम', 'अंतिम नवीन', 'खरंच अंतिम' ही नावं माझ्याही डिस्कवर आहेत. त्यातलं शेवटचं कुठलं, ते उघडल्याशिवाय मलाही कळत नाही.

प्रश्न : 'स्वतःची कागदपत्रे' हे नाव विंडोज घेत नाही. मराठी चालत नाही का?

उत्तर : चालतं. तुम्ही विसर्गाच्या जागी कोलन टाइप केलाय. विंडोजच्या नावात कोलन, प्रश्नचिन्ह, तारका, दुहेरी अवतरणचिन्ह, उभी-तिरकी रेघ, टोकदार कंस यांना बंदी आहे. मराठी कीबोर्डवरचा खरा विसर्ग द्या, बिनतक्रार घेईल.