नववीच्या वर्गात जग आणताना

प्रिय बाय,

तुझा मेसेज वाचला, उत्तराला उशीर झाला कारण दोन ओळीत सांगण्यासारखं नव्हतं. तू म्हणतेस हवामान बदल, युद्ध, स्थलांतर सगळं घेते वर्गात, मुलं चार्ट छान करतात पण बोलायला उभं केलं की पुस्तकातलंच बोलतात. अगं, "झाडं लावा, प्लास्टिक टाळा" असं उत्तर आधीच ठरलेलं असलं की मूल विचार कशाला करील? आणि सुरुवात ध्रुवावरच्या अस्वलापासून करू नकोस. आपल्या दारातून निघालेली गोष्ट धर आणि तिच्या मागनं जगात जा.

मी होते गोव्यात डिचोलीकडे, लोखंडाच्या खाणपट्ट्यात. 2012 साली खाणी बंद पडल्या तेव्हा मी वर्गात डिबेट ठेवली, खाणी हव्यात की नकोत. फार वाईट झालं ते. ज्यांचे ट्रक दारात उभे होते ती पोरं एका बाजूला, ज्यांच्या शेतात पावसाबरोबर खाणीची माती उतरायची ती दुसऱ्या बाजूला, आणि दहा मिनिटांत एकमेकांच्या बापाच्या धंद्यावर आली. दोन मुली त्यानंतर आठवडाभर एका बाकावर बसल्या नाहीत. चूक माझी होती, मी त्यांना आपापल्या घराची वकिली करायला लावली होती.

पुढच्या वर्षी एवढंच विचारलं, आपल्या डोंगरातलं खनिज गेलं कुठं? पोरांनी घरी विचारलं, बार्जवर, म्हणजे खनिज वाहून नेणाऱ्या सपाट बोटीवर, काम केलेल्या काकांना विचारलं. आपल्या खनिजात लोखंडाचं प्रमाण कमी, म्हणून ते बहुतेक देशाबाहेरच जायचं, ट्रकने जेटीवर, बार्जने मांडवी नदीतून मुरगाव बंदरात आणि तिथून जहाजाने, आधी जास्त करून जपानला, 2000 नंतर चीनला. तिकडे बांधकामं वाढली, भाव चढले, इकडे लोकांनी कर्ज काढून ट्रक घेतले. चीनमधल्या इमारतीचा आणि आपल्या गावातल्या हप्त्याचा संबंध एका पोराने फळ्यावर बाण काढून दाखवला, मी काही सांगितलं नव्हतं.

मग अदलाबदल केली. ट्रकवाल्याच्या पोराने शेतकऱ्याच्या बाजूने अर्ज लिहायचा, शेतकऱ्याच्या पोरीने ट्रकवाल्याच्या. अट एकच, त्या घरच्या मुलाने वाचून "हो, आमच्या घरी असंच बोलतात" म्हटलं पाहिजे, नाहीतर परत लिही. काहींनी चार-चार वेळा लिहिलं. ही अट सोडू नकोस, सगळं शिक्षण तिच्यातच होतं.

पण सगळंच "ज्याचं त्याचं मत" असंही होऊ देऊ नकोस हां. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या खाणींच्या 88 लीज, म्हणजे खाणपट्टे, रद्द केल्या, हे मत नव्हे, तपासता येतं. निकाल बरोबर की चूक यावर मतं असू दे. विहीर आटली हे बघून कळतं, खाणीमुळे आटली म्हणायला मात्र आधीच्या-नंतरच्या पाण्याची नोंद लागते. हा फरक मुलांना एकदा पकडता आला की व्हॉट्सॅपवर आलेलं फॉरवर्डसुद्धा ती तसंच वाचतात.

आणि डिसेंबरात एक तास 1961 साठी ठेव, पोर्तुगालच्या ताब्यातला गोवा सोडवायला भारताने सैन्य पाठवलं ते साल. 18 डिसेंबरला युनोच्या सुरक्षा परिषदेत गोव्यावर मतदान झालं, भारताने सैन्य मागे घ्यावं असा ठराव, 11 देशांपैकी 7 बाजूने, 4 विरोधात, बहुमत असूनही सोव्हिएत व्हेटोमुळे, म्हणजे नकाराधिकारामुळे, पडला. 11 कार्डं कर, एकेका गटाला एक देश दे. पोरं लगेच म्हणतील ते सात वाईट. मग विचार, चिली आणि इक्वेडोर एकेकाळी स्वतः स्पेनच्या ताब्यात होते ना, मग त्यांनी बाजूने का मत दिलं? ठरावात बळाच्या वापराबद्दल खेद होता, लहान देशाला तो नियम का महत्त्वाचा वाटेल? पोर्तुगाल म्हणायचं गोवा वसाहत नाही, आमचा प्रांत आहे, तर तो शब्द त्यांनी घटनेत कधी घातला? 1951 मध्ये. आणि 1960 च्या डिसेंबरात युनोच्या आमसभेने पोर्तुगालच्या ज्या प्रदेशांना स्वयंशासन नसलेले ठरवलं त्या यादीत गोवा होता. शेवटी माझी मुलं म्हणायची गोवा मुक्त झाला ते बरोबरच, पण आता कारण देऊन म्हणायची.

एक मात्र कर, हा तास घेण्याआधी हेडमास्तरांना आणि पालकांना सांगून ठेव. माझ्याकडे एक आजोबा आले होते, स्वतः सत्याग्रहात गेलेले, "पोर्तुगीजांची बाजू शिकवता?" म्हणून खूप दुखावले होते. मी त्यांनाच वर्गात बसवलं. पोरांनी त्यांना तासभर प्रश्न विचारले, आणि ते शेवटच्या बेलपर्यंत उठले नाहीत.

माझी कार्डं अजून कपाटात आहेत, कडा फाटल्यात पण चालतील. गणेश चवथीला येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
जुनी टीचर