मुलाच्या जबड्यातली मोठी सिस्ट लगेच न काढता नळी का बसवतात?

तुमच्या बारा वर्षांच्या मुलाला दुधाच्या दाढेखाली मोठी सिस्ट (द्रवाने भरलेली पिशवी) आहे, आतला पक्का दात तिने खाली ढकललाय, आणि इंदूरचे सर्जन दुधाची दाढ काढून तिथे नळी बसवू म्हणतात. यात चालढकल नाही. या वयात मी हाच मार्ग धरेन.

सिस्ट आतल्या द्रवाच्या दाबाने वाढते आणि भोवतालचं हाड झिजवते. ती एकदम खरवडली तर पक्का दात जाऊ शकतो, खालच्या ओठाची नस दुखावू शकते. नळीने दाब सोडला की पिशवी आक्रसते, हाड भरतं. मुळं अर्धवट असलेला दात बरेचदा आपोआप वर येतो, नाहीतर तारेने ओढून घेतात.

आधी सुईने द्रव ओढतात. पिवळसर, पातळ असला तर बरं. घट्ट पांढरा माल आला तर केराटोसिस्टचा (पुन्हा उलटणाऱ्या सिस्टचा) संशय. नुसतं रक्त आलं तर तिथेच थांबून आधी स्कॅन. अस्तराचा तुकडा बायोप्सीला गेलाच पाहिजे, कारण अमेलोब्लास्टोमा ही जबड्यातली गाठ (ट्यूमर) एक्स-रेवर अगदी अशीच दिसू शकते. रिपोर्ट मागून घ्या.

नळीसाठी सिस्टला पाडलेलं भोक साधारण 1 सेंटिमीटरचं हवं. कडा हिरडीला शिवतात, आत काही दिवस औषधी पट्टी भरतात, मग नळी किंवा अ‍ॅक्रिलिकचं बूच.

काम बिघडतं ते घरी. नळी निसटली आणि दुखत नाही म्हणून कोणी गेलंच नाही, की भोक बुजतं, सिस्ट पुन्हा भरते. त्याच दिवशी दाखवा. प्रत्येक खाण्यानंतर 20 मिलीच्या सिरिंजला बोथट, वाकडी सुई लावून सलाईनने धुवा, बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत, जोर नको. पोह्यांवरची शेव काही महिने विसरा (इंदूरच्या मुलाला हे सांगणं ऑपरेशनहून अवघड!). कण आत अडकून कुजतात, तोंडाला वास येतो.

दर तीन महिन्यांनी ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे). हाड भरेल तसं बूच घासून लहान करून घ्या, नाहीतर तेच हाडाला आड येतं. दोन ओपीजींत काहीच फरक नसेल तर पुन्हा बायोप्सी.

रिपोर्ट केराटोसिस्टचा आला तर मात्र नळीवर भागत नाही. सिस्ट आक्रसली की दुसऱ्या ऑपरेशनमध्ये उरलेलं अस्तर काढून भोवतालचं हाड घासतात. ती वर्षांनंतरही उलटते, म्हणून निदान पाच वर्षं दरवर्षी ओपीजी, पुढेही अधूनमधून.